ताईसाठी न हलणारी वाट

काटेवाल्याच्या हातात काहीही द्या, तो आधी ते तळव्यावर तोलून बघणार. तीस वर्षं दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करून त्याला ही खोड जडली होती, आणि खोडीला औषध नसतं.

औषध त्याच्या थोरल्या बहिणीच्या दुखण्यालाही नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ताईच्या कानात काहीतरी बिघडलं आणि पायाखालची फरशी फिरायला लागली. तेव्हापासून ती भिंत धरून पलंगापासून बाल्कनीपर्यंत जायची आणि तिथूनच परतायची. घराचा उंबरठा हीच तिची वेस झाली होती. जगाचे काटे सरळ करणाऱ्याला सख्ख्या बहिणीचा तोल सावरता येईना, हे त्याच्या मनाला फार लागायचं.

कामाच्या फेरीत वर्षातून दोनदा त्याला लहानपणीच्या गावी जावं लागे. यंदा त्याने तिथल्या जुन्या घरापासून तळ्यापर्यंतची उतरती गल्ली चालत चालत फोनच्या व्हिडिओत टिपून आणली. ताईने चष्मा पुसला, मांडी घालून बसली, आणि अर्ध्या मिनिटात डोळे मिटून घेतले.

"बंद कर रे. पोटात ढवळतंय."

"अगं, पुढे तळं आहे."

"असेल. मला नाही पोचवत तिथवर."

तिचा पडलेला चेहरा बघून त्याला गलबलून आलं. पण काटेवाल्याला वाईट वाटलं की पाठोपाठ प्रश्न पडायचे. आपण सरळ चालतो, मग चित्र का हिंदकळतं? फोन स्थिर धरणारी दांडी मिळते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात, एवढा पत्ता लागताच तो दुकानात हजर झाला.

दुकानदार बाईंनी तीन दांड्या मांडल्या. पहिलीची किंमत ऐकून त्याने ती अलगद खाली ठेवली. दुसरीही त्याच घराण्यातली निघाली. तिसरी खिशाला झेपणारी होती, पण फोन अडकवून सुरू करताच ती गुणगुणायला लागली, थरथरली आणि मान टाकून मोकळी झाली.

"सांगत होते ना, काका," बाई म्हणाल्या. "ही त्या पहिलीच्या पासंगालाही पुरायची नाही."

पासंग म्हटल्यावर काटेवाल्याचे कान टवकारले. पारड्यांत उन्नीस-बीस असेल तर ते सारखं करायला जे टाकतात, तो पासंग. त्यावर त्याचं पोट होतं!

"ही किती वजन पेलते?"

"वजन? असं कुणी विचारलं नाही अजून."

खोक्यावर बारीक अक्षरात आकडा सापडला. काटेवाल्याने पिशवीतून आपला छोटा काटा काढला आणि फोन त्यावर ठेवला. दोन गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघायला आली. फोन वीस ग्रॅम जास्त भरला.

"फोन नाही जड, त्याचं हे जाड कातडी कव्हर जड आहे," म्हणत त्याने ते सोलून काढलं. मग दांडी बंदच ठेवून फोन चिमट्यात तिळातिळाने सरकवला. डावीकडे कलला, उजवीकडे कलला, आणि शेवटी बोट काढलं तरी आडवा राहिला. "आता करा सुरू."

दांडीने चकार शब्द काढला नाही. त्याने मनगट वाकवलं, फिरवलं. फोन आपला समोर बघत राहिला.

"आतली मोटर बिचारी वजन उचलण्यातच दमत होती," तो म्हणाला. बाईंनी मधल्या दांडीचाही चिमटा सरकवून बघितला.

त्याने ती तिसरी दांडी घेतली, पण एवढ्यावर भागलं नाही. घरी कळलं की डावं-उजवं दांडी सांभाळते, पण पावलागणिक बसणारा हिसका तसाच राहतो. मग दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेलं पातेलं घेऊन, गुडघे वाकवून, काटेवाला घरातल्या बोळातून येरझारा घालायला लागला. पहिल्या दिवशी फरशी न्हाली.

"चोरी करायला निघालास की काय?" ताईने विचारलं. बऱ्याच दिवसांनी ती खळखळून हसली होती.

पाणी सांडायचं थांबलं तोवर कामाची पुढची फेरी आली. तो गावी गेला, आणि सकाळच्या उजेडात ती गल्ली तसाच उतरला.

ताईने व्हिडिओ सुरू केला. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं. काटेवाला पडद्याकडे नाही, तिच्या पापण्यांकडे बघत होता. वळणावर ती "जपून, तिथली पायरी उंच आहे" म्हणाली. पाणपोईपाशी नुसतीच थांबल्यासारखी झाली. अकराव्या मिनिटाला तळं आलं, आणि तिचे डोळे उघडेच होते. भरून आले होते, पण उघडे होते.

पडदा काळा झाला.

"पुढे?"

"पुढे काय? संपलं. तळं आलं ना."

"आणि परतीची वाट?"

परतताना चित्रण करायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन्ही पारडी बघितल्याशिवाय काटा खरा मानू नये, हे तो सगळ्या दुकानदारांना सांगत आला होता.

"सहा वर्षांनी एवढ्या लांब नेलंस," ताई म्हणाली, "आणि मला तिथंच उभं करून एकटा निघून आलास होय रे?"

काटेवाला उठला. त्याने दांडी चार्जिंगला लावली. पुढची फेरी सहा महिन्यांवर होती. त्याने रविवारच्या, गावाकडच्या पहिल्या गाडीचं तिकीट काढलं.