सोनाबाईच्या छातीवरचा ताईत

आधीच सांगतो — भूत, करणी, मंतरलेला दोरा, यांतल्या एकाही गोष्टीवर माझा कधी विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे काय, त्यांच्याविरुद्ध पत्रकं लिहिणं हेच माझं काम! 'ताईत सोडा, छाती तपासा' हे पत्रक गावोगाव वाटणारा मी. या सदरात चकव्याच्या आणि हडळीच्या गोष्टी छापून आल्या की संपादकांना संतापून पत्र लिहिणाराही मीच. आज त्याच सदरासाठी लिहितो आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं.

गोष्ट गेल्या फाल्गुनातली. पुलगाव स्टेशनावरून नाचणगावच्या रस्त्याला लागलं की एक शाळा आहे. तिच्या पटांगणात क्षयाच्या तपासणीसाठी क्ष-किरणांची मोटार आली होती. वेळ दुपारी तीनची, ऊन लख्ख. ही वेळ मुद्दाम सांगतो, कारण अंधारात भास झाला असं कोणी म्हणू नये.

मोटारीत फोटो निघायचा, तिथेच धुतला जायचा आणि ओली फिल्म दोरीला टांगली जायची. माझं टेबल बाहेर, निंबाखाली, मोटारीपासून पंधरा पावलांवर. रांग लावायची आणि गळ्यातल्या धातूच्या वस्तू उतरवून घ्यायच्या — फोटोत धातू चुन्यासारखा पांढरा उमटतो आणि त्याखालचं काही दिसत नाही. नियम असा की उतरवलेली वस्तू चिंधीत बांधायची, चिंधीवर रांगेतला नंबर घालायचा, फोटो झाला की परत द्यायची. दागिने मी परत देत असे. ताईत मात्र... लोकांना बोलून बोलून नमवायचं आणि ताईत पत्र्याच्या डब्यात टाकायला लावायचे, ही माझी स्वतःची भर. सभेत तो डबा मी खुळखुळ्यासारखा वाजवून दाखवी. टाळ्या पडत.

रांगेत थट्टाही चालली होती. एक म्हातारा म्हणाला, "भाऊ, आतलं समदं दिसते म्हंता, तं पोटातली भाकर बी दिसन का? बुढी म्हंते मी चोरून खातो."

"भाकर नाई दिसत, बाबा. बिडीचा धूर दिसते," मी म्हणालो. सगळे हसले. मी रंगात होतो.

मग सोनाबाई आली. गोंडाची पोर, बाविशीची असेल. कडेवर पाच-सहा महिन्यांची मुलगी, मागे सासू. दोन वाक्यं बोलली की खोकायची. गळ्यात काळ्या दोऱ्यात तांब्याची नळी, आणि नळीच्या एका टोकाला दातानं चावल्यासारखा खळगा. तो खळगा लक्षात ठेवा.

"हे काढा," मी म्हणालो.

"फोटो काढल्यावर वापस देजा, भाऊ. मायनं बांधला व्हता. मरायच्या आदल्या दिशी."

"माय कशानं गेली?"

"अशीच. खोकून खोकून."

बस! मला आयतंच मिळालं. मी टेबलावर चढलो. "ऐका हो! हिच्या आईजवळ हा ताईत होता. आई वाचली का? नाही!" सोनाबाईनं मान खाली घातली, दोरा उतरवला आणि माझ्या हातात दिला. मी चिंधी बांधली नाही, नंबर घातला नाही. संध्याकाळच्या सभेत हीच गोष्ट सांगायची असं ठरवून ताईत सदऱ्याच्या खिशात टाकला.

थोड्या वेळानं डॉक्टर मोटारीच्या दारात आले. "धातू काढून घ्यायला तुम्हाला बसवलंय ना? ही पाहा फिल्म!"

फिल्मवर फासळ्या होत्या, आणि डावीकडे वर, गळ्याच्या हाडाच्या खाली, एक पांढरीफेक नळी.

"काढला होता साहेब," मी म्हणालो. नर्सबाई आतून म्हणाल्या, "गळा मोकळाच आहे हिचा. मी स्वतः पाहिलं."

दुसरा फोटो काढला. नळी तिथेच. फोटोवाल्यानं फिल्म ठेवायची पेटी बदलली, फिल्मचं नवं पाकीट फोडलं, तिसरा काढला. नळी तिथेच... तिन्ही फिल्मा शेजारी टांगल्या तेव्हा मी जवळ जाऊन पाहिलं. एका टोकाला चावल्यासारखा खळगा. आणि खरी नळी पूर्ण वेळ माझ्या खिशात होती. ती किरणांसमोर एकदाही गेली नव्हती.

मी काय केलं? काही नाही. त्याच वेळी ताईत खिशातून काढून दाखवायला हवा होता. पण साठ माणसं पाहत होती. उद्या गावभर झालं असतं — ताईत जिंकला, भाऊ हरला.

डॉक्टर वैतागले. "मशिनीत काहीतरी बिघाड आहे. मी नुसत्या खोकल्यावर हिला दवाखान्यात खाट मागू शकत नाही, फोटो हवा. पुढच्या फेरीला आणा."

"आन् माहा ताईत, भाऊ?" सोनाबाईनं विचारलं.

"हरवला असेल कुठे गर्दीत."

खोटं. सरळ खोटं. आयुष्यभर खोटेपणाविरुद्ध ओरडलो आणि त्या पोरीसमोर असं बोललो. सासू गोंडीत काहीतरी म्हणाली, सोनाबाईनं नुसती मान हलवली. दोघी गेल्या.

मोटार तीन आठवड्यांनी परत आली. त्या सकाळी मी सायकल घेऊन सोनाबाईच्या घरी गेलो आणि ताईत तिच्या हातावर ठेवला. ती बाजेवर बसली होती, अर्धी झालेली. मुलगी सासूच्या मांडीवर रडत होती.

"तुमच्याचपाशी व्हता ना?" ती म्हणाली. "मले ठाऊक व्हतं."

"मग त्या दिवशी बोलली काऊन नाई?"

"तुमी जोरात बोलून राह्यले व्हते, भाऊ. माह्यात तेवढा दम नव्हता."

सासू म्हणाली, "लय शिकलेले हाय तुमी. चोरी कोन्या शाळेत शिकवते?"

दुपारी सोनाबाई ताईत घालूनच मोटारीत चढली. काढणार नाही म्हणाली. डॉक्टर ओरडले, मग कंटाळून म्हणाले, "असू दे. खराब फोटो येईल, तेवढंच." फिल्म धुऊन बाहेर आली आणि त्यांनी ती उजेडाकडे धरली.

फिल्मवर ताईत नव्हता. फासळ्या स्वच्छ, आणि जिथे तीनदा नळी उमटली होती नेमकं तिथेच, कापसाच्या बोळ्यासारख्या पांढुरक्या डागाच्या मधोमध, क्षयानं पोखरलेलं बोराएवढं भोक.

"तांबं आहे हो," डॉक्टर हळूच म्हणाले. "दिसलंच पाहिजे."

तिला खाट मिळाली. ती जगली आहे. इंजेक्शनं चालू आहेत, एका बाजूचं फुप्फुस, त्याला विश्रांती मिळावी म्हणून, बाहेरून हवा भरून मिटवून ठेवलं आहे, मुलगी सासूजवळ आहे. ते भोक तीन आठवड्यांपूर्वी केवढं होतं, होतं की नव्हतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कसं सांगणार? त्या फिल्मांवर ती जागा झाकलेली आहे.

झाकलेली आहे...

मी पुष्कळ विचार केला. फिल्म आधीच खराब होती? तिन्ही, दोन वेगवेगळ्या पाकिटांतल्या? आधी कोणाचा तरी ताईत उमटून राहिला होता? तोच खळगा घेऊन? आणि शेवटच्या वेळी खरं तांबं गेलं कुठे? यावरून कोणी माझ्यासमोर ताईताचा महिमा गाऊ लागला तर मी आजही भांडेन. तिला दवाखान्यानं वाचवलं. पण माझा डबा आता रिकामा आहे. ज्यांचे ताईत सापडले त्यांना नेऊन दिले. ते पत्रकही मी वाटत नाही.

एक गोष्ट राहिली. त्यानंतर मी मोटारीबरोबर सात गावं फिरलो, पण स्वतः तिच्यात एकदाही चढलो नाही. रांगेतले लोक विचारतात, "भाऊ, तुमी काऊन नाई काढत फोटो?" मी हसून टाळतो. भित्र्या लोकांवर मी जी जी वाक्यं फेकली ती सगळी मला पाठ आहेत. आणि महिना झाला, सकाळी उठलो की मला खोकला येतो.

परवा मोटार नालवाडीला येते आहे. या वेळी रांगेत पहिला नंबर माझा. सदरा काढून ठेवीन, खिसा उलटा करून सगळ्यांना दाखवीन. तो रिकामाच आहे.

फिल्मवर काय उमटेल, ते मात्र मला सांगता येत नाही.