बंदुकीविना दुर्बीण

एडमंटनमध्ये ऑक्टोबरात झेंडू मिळत नाही. थंडीच्या पहिल्या तडाख्यातच बागांमधला सगळा काळा पडतो. म्हणून त्या वर्षी खंडेनवमीला मी ग्रोसरीतून शेवंतीची एक कुंडी उचलून आणली. बेसमेंटमधलं छोटं लेथ मशीन पुसून घेतलं, टेबलावर धुतलेलं धोतर अंथरलं आणि त्यावर मायक्रोमीटर, कानशी, आटे पाडायचे टॅप, ड्रिल अशी सगळी हत्यारं मांडली. मधोमध माझी रायफल ठेवली. हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली, उदबत्ती लावली. मग फोटो काढून मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पुण्यात टूलरूममध्ये नोकरी होती तोवर दर वर्षी अशीच पूजा व्हायची. त्या दिवशी मशीन बंद, नारळ, पेढे आणि दुपारी लवकर घरी. यात कोणाला काही वावगं वाटेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

एरवी त्या ग्रुपवर कोणाची चकली तेलात विरघळली तरी अंगठ्यांचा आणि हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडतो. माझ्या फोटोखाली शुकशुकाट. दुपारी कोणीतरी विचारलं, 'काका, इज दॅट रिअल?' मी लिहिलं, 'हो, आणि लेथसुद्धा खरं आहे.' संध्याकाळी मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला.

"काका, तो फोटो प्लीज डिलीट करा ना. लोक अनकम्फर्टेबल झालेत. घरात लहान मुलं असतात."

"माझ्या घरात लहान मूल नाही," मी म्हटलं. "मोठंही नाही. मी एकटाच आहे."

"तेच ना, काका," ती म्हणाली आणि मग सारवासारव करायला लागली.

मी फोटो काढून टाकला. पाच दिवसांनी कोजागिरी होती, तिचं बोलावणं आलं नाही. पन्नाशी उलटलेला, लग्न न केलेला माणूस बेसमेंटमध्ये बंदूक घेऊन बसतो, हे वाक्य बाहेरून कसं ऐकू येत असेल ते मला कळत होतं. तरी राग यायचा तो आलाच. वीस वर्षं यांच्या गणपतीचे मांडव मी ठोकले होते.

रायफलबद्दल सांगायला हवं. मला शिकारीत काडीचा रस नाही. घरात उंदीर शिरला तरी तो पिंजऱ्यात पकडून मी नदीकाठी सोडून येतो. ही होती जुन्या धाटणीची, फक्त कागदावरच्या वर्तुळांवर नेम धरायची पॉइंट टू-टू, एका वेळी एकच गोळी घेणारी. मी घेतली तेव्हा नळीवर गंज होता आणि लाकडी दस्त्याला कोणीतरी गॅरेजच्या दाराचा रंग फासला होता. तो रंग खरवडला तेव्हा आतून अक्रोडाचं लाकूड निघालं. त्याला हाताने तेल चोळत मी एक अख्खा हिवाळा काढला.

तिची दुर्बीण मात्र अर्धवट होती. या जुन्या दुर्बिणी म्हणजे बोटाएवढी जाड, हातभर लांब नळी. नेम वरखाली किंवा डावीउजवीकडे करायची यंत्रणा नळीच्या आत नसते. ती असते बाहेर, नळीला मागून धरणाऱ्या कडीवर, तिला माउंट म्हणतात. त्या माउंटला मायक्रोमीटरसारखी दोन गोल डोकी असतात. ती फिरवली की खटका वाजतो. एका खटक्याला नळीचं मागचं टोक अर्धा थाउ सरकतं. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, टूलरूममधल्या माणसाचा श्वास त्यातच चालतो. तेवढ्यानं शंभर यार्डांवर गोळी पाव इंच हलते. माझ्या दुर्बिणीला हे मागचं माउंटच नव्हतं आणि नवं आता कोणी बनवत नाही. म्हणून मीच बनवायला घेतलं. डोक्याच्या कडेला पन्नास सारख्या खाचा पाडायच्या होत्या, आणि तसं भाग पाडायचं यंत्र माझ्याकडे कुठलं. लेथचंच पन्नास दात्यांचं एक चाक मागे अडकवलं, एक दाता सरकवायचा, एक खाच कापायची. पहिली दोन डोकी भंगारात गेली, पुढची दोन जमली. सबंध उन्हाळा संध्याकाळी माझ्या घरात त्या लेथचाच काय तो आवाज असायचा. मला फार एकटं वाटायचं, आणि त्या आवाजात ते थोडं कमी वाटायचं.

माझं जाणंयेणं खरं तर एकाच घरी होतं. माझा हॉस्टेलमधला रूममेट आणि त्याची बायको. तो आधी इथे आला, तेलाच्या पाइपलाइनी डिझाइन करायला, आणि त्याच्या आग्रहानं मागून मी आलो. गाडीनं दहा मिनिटांवर घर. शनिवारी रात्रीचं जेवण त्यांच्याकडे, हे इतकं ठरलेलं की कोणी बोलावत नसे आणि मी विचारत नसे. रायफलच्या लायसन्सला अप्लाय केलं तेव्हा आपल्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या लागल्या, त्या या दोघांनीच केल्या. वहिनी हसत म्हणाल्या होत्या, "भावजी, माणूस चक्रम आहे पण निरुपद्रवी आहे, असं लिहू का?"

मग तेलाचे भाव पडले आणि मित्राची नोकरी गेली. त्याच्या ऑफिसातला मजलाच्या मजला रिकामा झाला होता, त्यामुळे सुरुवातीला कोणी फार मनाला लावून घेतलं नाही. वर्ष उलटलं. वहिनींनी एका गोदामात शनिवार-रविवारची शिफ्ट धरली आणि आमचं शनिवारचं जेवण बंद पडलं. तो दाढी करेना. टीव्हीचा आवाज बंद करून नुसता चित्रं बघत बसे. मी गेलो की दोन वाक्यं बोलायचा आणि मग म्हणायचा, "तू बस, मी पडतो जरा." आम्ही सगळे त्याला म्हणत होतो, "मिळेल रे." दुसरं काय म्हणायचं असतं ते आम्हाला येत नव्हतं.

फोटोच्या भानगडीला आठवडा झाला असेल. वहिनी एकट्याच माझ्या दारात उभ्या राहिल्या, शिफ्टवरून परस्पर आलेल्या, अंगावर गोदामाचं पिवळं जाकीट. मला वाटलं, आता यासुद्धा. बोलायच्या आधीच माझा पारा चढला.

"तुम्हीपण फोटोचंच सांगायला आलात ना?"

"फोटो गेला खड्ड्यात," त्या म्हणाल्या. बूट न काढता जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. "भावजी, ती बंदूक या घरात नको."

"कुलूप असतं तिला. कपाटालाही कुलूप आहे. कायद्यात आहे तसं सगळं."

"तेच कुलूप. परवा जेवताना त्यांनी मला विचारलं, त्याच्या कपाटाचं कुलूप किल्लीचं आहे की नंबरचं? मी म्हटलं, मला काय माहीत. काल पुन्हा विचारलं. किल्ली कुठे ठेवतो म्हणून."

मी काहीतरी बोललो, की सहज विचारलं असेल, त्याला यंत्रांची आवड आहे वगैरे. त्याला यंत्रांची काडीइतकी आवड नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मी त्यांच्याशी सरळ बोलायला जाते, तर ते उठून जातात," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरचं नाव काढलं तर दोन-दोन दिवस अबोला. तुम्ही फक्त ती बाहेर काढा. आणि त्यांना कळू देऊ नका मी आले होते. कळलं तर आहे तेवढंही बोलणं बंद होईल."

मी शब्द दिला. त्या गेल्यावर खाली जाऊन रायफलसमोर उभा राहिलो. माउंट चार दिवसांपूर्वी पुरं झालं होतं. त्यावरून एक गोळीसुद्धा झाडून बघितली नव्हती. मला मित्राची भीती वाटत होती आणि त्याच वेळी त्याचा राग येत होता, की माझ्याकडे ही एकच गोष्ट आहे आणि तीही तुला हवी का. असं वाटलं खरं. त्याला काही इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण उतरवून घेतली आणि रायफल, गोळ्यांचे डबे, सगळं नेमबाजीच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्याकडे नेऊन दिलं. शहराबाहेर त्याचं शेत आहे, तळघरात भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी आहे. त्यानं माझं लायसन्स बघितलं, मी त्याचं.

"परत कधी हवी?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यानं कॉफी पाजली. परतताना बर्फ भुरभुरायला लागलं होतं. घरी येऊन वहिनींना फोन करून एवढंच सांगितलं, "दिली." मग त्या म्हणाल्या, "शनिवारपासून मी त्यांच्याबरोबर डबा पाठवते. तेवढेच घराबाहेर पडतील, तुमच्याशी चार शब्द बोलतील."

डबा यायला लागला. माणूस मात्र आत येईना. बेल वाजायची, मी खालून वर येईपर्यंत डबा दाराबाहेर पायरीवर आणि हा गाडीत जाऊन बसलेला. हात हलवायचा आणि निघून जायचा. उणे वीसमध्ये दोन मिनिटं राहिली तरी आमटीवर तुपाचा पापुद्रा धरायचा. मी काचेतून ओरडायचो, "अरे, चहा तरी घे!" तो मान हलवायचा, नको. मी त्याच्याकडे गेलो की तो आतल्या खोलीत झोपलेला असायचा, निदान वहिनी तसं सांगायच्या.

मला ते फार लागलं. माझी रायफल याच्यापायी गेली आणि याला माझ्या घराची पायरी ओलांडायला होत नाही, असं मनात घोळत राहायचं. तो सगळा हिवाळा मी बंदुकीविना दुर्बीण घेऊन बसलो. नळी व्हाइसमध्ये धरायची, समोरच्या भिंतीवर चौकटींचा कागद लावायचा, डोकं एकेक खटका फिरवत आतली नेमाची फुली किती सरकते ते मोजायचं. काम चोख झालं होतं, पण ते कशाला लावणार? शेजारच्यांच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करून दिलं तर ते थँक्यू म्हणायचे, तेवढंच संभाषण. काही आठवडे असे गेले की ते काचेतून ओरडणं आणि ऑफिस सोडून मी मराठीत तोंडच उघडलं नाही. ऑफिसातही मराठी फक्त मलाच येत होतं, म्हणजे तिथे मी स्वतःशीच बोलत होतो.

मार्चमधल्या एका शनिवारी माझं डोकं फिरलं. आज याला धरायचाच, म्हणून बूट घालून दाराच्या आत उभा राहिलो. गाडी आली. पावलं वाजली. बेल वाजायच्या आत मी दार उघडलं. तो डबा ठेवायला वाकलेला होता, तसाच दचकला.

"आत ये."

"नको रे. गाडी चालू आहे."

"असू दे चालू."

"नको म्हटलं ना." तो मागे सरकला. सरकताना त्यानं माझ्या खांद्यावरून आत बघितलं, बेसमेंटच्या जिन्याकडे, आणि लगेच नजर काढून घेतली. माझ्या माणसाचा चेहरा मी तीस वर्षं बघत आलो होतो. तो रुसलेला नव्हता. तो घाबरलेला होता.

मला वहिनींना दिलेला शब्द आठवला. पण तो चेहरा बघितल्यावर गप्प राहणं शक्यच नव्हतं.

"ती घरात नाहीये," मी म्हटलं. "ऑक्टोबरातच दिली बाहेर. गोळ्याही दिल्या. कपाट रिकामं आहे, हवं तर खाली जाऊन बघ."

तो डबा हातात धरून उभा राहिला. "खरं?"

"तुझी शपथ."

त्यानं डबा खाली ठेवला आणि पायरीवर, बर्फातच, बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी बाजूला बसलो. हॉस्टेलमध्येसुद्धा मी त्याला रडताना बघितलं नव्हतं.

"सुटलो रे," तो म्हणाला. "दर शनिवारी गाडीत बसून स्वतःला सांगायचो, आत जायचं नाही. आत गेलो तर मी खाली जाईन."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. समोरून शेजारीण कुत्र्याला घेऊन गेली, तिनं हात केला, मीही केला.

"डॉक्टरकडे जायला हवं ना," तो म्हणाला. "तिला नको बरोबर न्यायला. तू येशील? उद्या?"

"उद्या कशाला," मी म्हटलं, "गाडी चालूच आहे."