घर सोडायची शिकवणी

हैदराबादला कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या मुलाला वकीलमामा आधी कच्ची भाकरी खायला लावायचे. भाकरी त्या मुलानंच थापायची, त्यानंच भाजायची आणि करपली असो की मधे ओली राहिलेली असो, त्यानंच संपवायची. मामा समोर बसून स्वतःच्या फुगलेल्या भाकरीचा घास मोडत बघत राहायचे. "खा, खा. खानावळीतल्या आचाऱ्याला तुझ्या मायचा हात कुठून येईन?" माझी पहिली भाकरी त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही बैलाला घातली तं बैल आपल्यावर दावा लावीन." मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली.

मामा माझे सख्खे मामा नव्हते, कुणाचेच नव्हते. हिंगोलीच्या कोर्टात वकिली करायचे आणि एकटेच राहायचे. मी थोरल्या बहिणीकडे राहून हायस्कुलात शिकत होतो, तिचं घर त्यांच्या भिंतीला लागून. मॅट्रिकला अजून वर्ष होतं तेव्हाच त्यांनी मला ताब्यात घेतलं. गणित-इंग्रजी मास्तर बघतील, मास्तर शिकवत नाहीत ते मी शिकवतो, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणजे घर सोडणं. कारण त्यांनी कधी लपवलं नाही. "मी कॉलेजात नापास झालो न्हाई. मला मायची आठवण आली, आन मी गाडीत बसून आलो. एवढीच गोष्ट." पुढे वकिलीची खालची परीक्षा देऊन ते इथेच राहिले. आपल्याकडची पोरं अभ्यासात मार खात नाहीत, रडून परत येतात, हे त्यांचं ठाम मत होतं.

माझ्या बाबतीत तर परत यायची सोयच नव्हती. आमचं गाव कळमनुरीच्या रस्त्याला. शेती बरी, पण राबणारे हात कमी. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावून ठेवलं होतं, "एक डाव जाय. माघारी आलास तं पुना पुस्तकाचं नाव न्हाई, नांगर धरायचा." बापू बोलले ते करणारे होते.

शाळा सुटली की दिवेलागणीपर्यंत आमच्यात मराठी बंद. निजामाच्या राज्यात शिक्षण उर्दूतच चालायचं, त्यामुळे लिहायला मी बरा होतो. बोलताना मात्र जीभ लटपटायची. मामा शेरवानी चढवून, रुमी टोपी घालून खुर्चीवर बसायचे आणि कॉलेजचे प्रिन्सिपॉल व्हायचे. मी दारातून आत यायचं, सलाम करायचा, वडील काय करतात ते सांगायचं. माझी नजर खाली गेली की प्रिन्सिपॉल कडाडायचे, "नजर उप्पर, मियाँ! फरशी पे जवारी बोए क्या?" एकदा मी इतका गडबडलो की सलाम सोडून थेट त्यांच्या पाया पडलो. प्रिन्सिपॉलसाहेबांनी गंभीरपणे आशीर्वाद दिला, बाहेर पाठवलं आणि पुन्हा आत यायला लावलं. भिंतीपलीकडून बहिणीचं हसू ऐकू येत होतं.

सगळ्यात जड धडा कळमनुरीचा. सुट्टी लागली की ते मला कळमनुरीला आपल्या एका पक्षकाराकडे मुक्कामाला पाठवायचे. वाटेत आमचा मळा दिसायचा, त्याच्यामागे घराचं छप्पर. "बघायला मनाई न्हाई, वळायला हाय," मामांचा हुकूम. पहिल्याच खेपेला मी वळलो. आईला तर काय करू नि काय नको झालं. बापू मात्र गोठ्यातूनच म्हणाले, "ऐन वक्ताला आलास. बैल रिकामेच हायेत." मग मी अर्धं ताट तसंच टाकून उठलो. परत हिंगोलीला आलो तो बोलणी खायच्या तयारीनंच. मामांनी एवढंच विचारलं, "काय केलतं मायनं?"

"पिठलं."

"मंग तुझं बराबर हाय. पिठल्यापायीच मी बी माघारी आलतो."

हसले खरे, पण पुढच्या सुट्टीत पुन्हा कळमनुरी. संक्रांतीच्या सुमारास मी मळ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ चालत राहिलो. हे ऐकून मामा बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत होते.

मॅट्रिक झालो. निघायच्या दिवशी हिंगोलीच्या स्टेशनवर आई पदरात तोंड घालून रडत होती. मी रडलो नाही. पूर्णेला गाडी बदलावी लागे. पोरगं भलत्याच गाडीत बसेल, असं बापूंना सांगून मामा माझ्याबरोबर पूर्णेपर्यंत आले. वाटभर त्यांची उर्दू चालू होती. हैदराबादची गाडी लागली, पेटी आत गेली, मी खिडकीशी बसलो. मामा बाहेरून खिडकीचे गज धरून उभे राहिले. शिट्टी झाली तसा त्यांचा चेहरा उतरला आणि ते एकदम मराठीत बोलले, "लेकरा, लईच आठवण आली तं ये माघारी. बापूला मी समजावतो. तुला कोणी काई म्हणणार न्हाई."

वर्षभर ज्यांनी मला न वळायला शिकवलं, तेच हे सांगत होते. गाडी हलली आणि मला हुंदका आवरेना.

हैदराबादला पहिल्या महिन्यात मी किती वेळा पेटी भरली याला गणती नाही. संध्याकाळ झाली की जीव घराकडे ओढ घ्यायचा. मग मामांचं ते बोलणं आठवायचं. वाट काही बंद झालेली नाही, जायचंच तर उद्याही जाता येईल, असं म्हणून मी पेटी उपसायचो. बाकीच्या शिकवणीचा उपयोग झाला. पण मी टिकलो तो त्या एका बोलण्यावर.

मामा पहिल्यांदा घर सोडून गेले, तेव्हा त्यांना असं सांगणारं कुणी होतं का? हे मला फार उशिरा सुचलं. मी बी.ए. होऊन हिंगोलीला उतरलो, तोवर मामा वारले होते, शेजारच्या घराला कुलूप होतं.