आवाज वाढवायचं बटण

रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी कुणी सोडायला लागलं, की तिच्या चुरचुर आवाजानं मला वरवंडमधली ती दुपार आठवते. तेव्हा माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि फुटक्या रिमोटचे कोड वाचून दुसऱ्या रिमोटमध्ये भरण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, याची मला घमेंडही होती. शेजारचा एकजण म्हाताऱ्या वडिलांचा फुटलेला रिमोट घेऊन आला. तो रांजणगावला रात्रपाळी करायचा, दिवसा झोपायचा, आणि आप्पा दिवसभर मोठ्यानं कीर्तन लावायचे. "दोन्ही बटनांना आवाज कमी व्हायचाच कोड टाक," तो म्हणाला. मी हसत हसत टाकला आणि दुसरा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यायला स्वतःच गेलो. तापलेल्या पत्र्याखाली आप्पा बाजेवर बसले होते. त्यांनी चुरचुर करत पिशवी सोडली, आवाज वाढवायचं बटण दाबलं, मग अंगठ्यानं रेटून दाबतच राहिले, आणि टीव्ही हळू होत होत गप्प झाला. पडद्यावरचे आकडे त्यांना दिसत नव्हते. त्यांनी चॅनल बदलून बघितला, चित्र बदललं. "रिमोट चांगला हाय," ते म्हणाले, "माझंच कान गेलं वाटतं. तुला येतंय का रं ऐकू?" दारात त्यांचा मुलगा तोंड दाबून हसत होता. "येतंय की आप्पा, खणखणीत!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो. त्यानंतर आप्पा मरेपर्यंत पारावर बसायला आले नाहीत; चारचौघांत बहिऱ्याचं हसू होतं, म्हणायचे. त्यांचा तो फुटका रिमोट अजून माझ्या खणात आहे. त्याची सगळी बटणं शाबूत आहेत, फक्त आवाज वाढवायच्या बटणावरची खूण झिजून गेली आहे.