खोक्यावरचं इंग्रजी

वडीगोद्रीच्या फाट्यावर ट्रॅव्हल्सची पार्सलं उतरवून घेणारा तो माणूस प्रत्येक खोक्यावरचं इंग्रजी बोट ठेवून, अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचायचा. वाचून झालं की स्वतःशीच "बराबर" म्हणायचा. पार्सलवर कोणी टेकलं, तर अंगावर धावून जायचा. माझं पार्सल हाती पडेपर्यंत त्याच्या या वाचनापायी माझी अंबडची गाडी हमखास चुकायची.

मी अंबडच्या कॉलेजात शिकवायचो. माणसाच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातलं एक प्रथिन ओळखणारी अँटीबॉडी मी संशोधनासाठी मागवली होती. बोटाएवढी कुपी, बर्फात ठेवलेली. ती आली तेव्हा मी नेमका तापानं पडून होतो. चौथ्या दिवशी धावत गेलो, तर मला पाहून तो उठून उभा राहिला. एरवी कधी उठायचा नाही.

"सर, तीन दिवस वाट पाह्यली. खोक्याला पाणी सुटल्तं. मंग मीच माती दिली."

"माती? कशाला?"

त्यानं खोक्यावरून जपून काढलेलं लेबल पुढं केलं. आधी 'ह्यूमन'वर बोट ठेवलं, मग मधली सगळी अक्षरं गाळून थेट शेवटच्या 'बॉडी'वर.

"टपरीमागं, लिंबाखाली. नव्या टावेलात गुंडाळलं, न उघडता."

सहा महिने वाट पाहिलेली कुपी मातीत गेली होती, आणि या माणसावर ओरडताही येत नव्हतं.

तो हळूच म्हणाला, "खोकं लई हलकं व्हतं, सर. नाव तरी ठेवल्तं का लेकराचं?"