तीनदा न उचललेला फोन

१७ मे २०२४ रोजी जहांगीरभाईंनी नेहमीसारखे २३९ रुपयांचे रिचार्ज मारले आणि बायकोने नेहमीसारखे विचारले, "वो सूचीवाले तुमको पगार देते क्या?"

"नही देते."

"फिर रिचार्ज तो देते होंगे."

खैरुन्निसाला उत्तर ठाऊक होते. नऊ वर्षे ती हेच विचारत होती आणि नऊ वर्षे जहांगीरभाई त्यावर चपला शोधायला लागत.

नांदुऱ्याच्या एका शाळेत ते वरिष्ठ लिपिक. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. इंटरनेटवर मराठी वेबसाइटांची एक सूची आहे, ती गावोगावचे लोक बिनपगारी चालवतात. बुलडाणा जिल्ह्याचे पान जहांगीरभाई आणि मेहकरच्या सुचिताताई असे दोघे सांभाळत. कोणी आपली साइट सुचवली की ती उघडून पाहायची. मजकूर स्वतःचा की कुठून उचललेला, पत्ता आहे की नुसत्या जाहिराती, एवढे तपासायचे आणि दोन ओळींत ओळख लिहायची. 'सुप्रसिद्ध', 'एकमेव' हे शब्द खोडून खोडून जहांगीरभाईंचे बोट दुखायचे. जिल्ह्यात सगळेच एकमेव होते.

या नियमांत त्यांनी आपला एक वाढवला होता. सुरुवातीला त्यांनी एक दुकान सूचीत घेतले, ते बंद पडलेले निघाले आणि मलकापूरचा एक माणूस हेलपाटा पडला म्हणून त्यांनाच बोलून गेला. तेव्हापासून ते दिलेल्या नंबरावर फोन लावत. तीन दिवस, डबा खाल्ल्यावर, दीड वाजता. तिन्ही वेळा कोणी उचलला नाही तर साइट नामंजूर.

मेच्या अखेरीस सोनाळ्याची एक संत्र्याची रोपवाटिका आली. फोटो घरचेच, कलम कशी बांधतात तेही नीट समजावलेले. जहांगीरभाईंना साइट आवडली. तीन दिवस फोन नुसता वाजला. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिले, 'फोन उचलत नाहीत. बंद असावे.' खाली रीतीप्रमाणे आपले नाव आणि गाव.

सहा जूनला ती रोपवाटिका चालवणारी पुष्पांजली विचारत विचारत शाळेच्या कार्यालयात येऊन उभी राहिली. बसलीसुद्धा नाही.

"भाऊ, बंद काऊन लिहिलं? मी तं उभी हाओ तुमच्यापुढं."

"तीनदा फोन केला, ताई. दीड वाजता."

"दीड वाजता? त्या हप्त्यात वावरातली लाइन दुपारची होती. लाइन आली का सारं गाव मोटरीपाशी राह्यते. फोन घरी, मी वाफ्यात. तुमाले मालूम नाई का?"

मालूम होते. जहांगीरभाई मूळचे जानेफळचे. त्यांचा भाऊ तिथे आजही शेतातल्या विजेच्या वेळा पाहूनच जेवायला बसतो.

"संध्याकाळी लावता आला असता," ते म्हणाले. "पण संध्याकाळी मी थकलेला असतो."

"आन् मी का हवा खाऊन राह्यली?"

तिचे म्हणणे सरळ होते. संत्रा बागायतदारांचा एक गट दहा तारखेला सूचीतल्या रोपवाटिकांची यादी सभासदांना पाठवतो आणि मागणी त्या यादीवरूनच येते. तिच्याकडे दोन हजार कलमा पिशव्यांत तयार होत्या. या पावसाळ्यात त्या गेल्या नाहीत तर मुळ्या पिशवी फोडून खाली जमिनीत उतरणार, मग त्या कोणी घेत नाही.

पण एकदा नामंजूर केलेली साइट त्याच संपादकाला पुन्हा घेता येत नाही. जहांगीरभाईंनी तिच्यासमोरच सुचिताताईंना लिहून पाठवले की फोनची अट सूचीची नाही, माझी आहे, चूक माझी आहे, ही आधी पाहा. मग फोनही केला.

"भाई, तिच्या आधी एकवीस आहेत," सुचिताताई म्हणाल्या. "कोणासाठी क्रम मोडायचा नाही, हे तुम्हीच शिकवलं मला."

"ही ओळखीतली नाही. माझी चूक आहे."

"ते मी त्या एकविसांना कसं सांगू?"

याच सुरात ते स्वतः आजवर कित्येकांशी बोलले होते.

"म्हंजे होत नाई," पुष्पांजली म्हणाली.

"दहापर्यंत नाही, बहुतेक."

"बहुतेक राहू द्या, भाऊ. मले पाचची यष्टी धरा लागते."

दहाची यादी तिच्या नावाशिवाय गेली. साइट सूचीत आली एकोणीसला. जहांगीरभाईंनी दीडचा फोन बंद केला. त्याने कोणाचे काही भरून आले नाही.

तेवीसच्या रविवारी ते सोनाळ्याला गेले. तोंडावर बोलायचे होते, पण यष्टीत जुळवलेले शब्द वाफ्यांपाशी आल्यावर आठवेनात. कलमा रांगेने तशाच उभ्या होत्या.

"आलं नाव," ते म्हणाले.

"पाह्यलं. एक फोन आला, नुसता भाव इचारला त्यानं." ती वाकून गवत उपटत होती. "उचलला बरं मी."

त्यांनी दोन कलमा मागितल्या.

"लावसान कुठं? घरी तं फरशी असन."

"भावाच्या वावरात."

सत्तरला एक. पाचशेची नोट तिच्याकडे सुटेना, आणि रेंज नसल्याने मोबाइलवरून पैसे जाईनात.

"द्या मंग कधी," ती म्हणाली आणि पुढच्या वाफ्याकडे वळली.

जहांगीरभाईंकडून तिचे एकशेचाळीस रुपये अजून येणे आहेत.