पाठीवरचं जावळ

देव माणसाला खूण देतो, यावर माझा पहिल्यापासून विश्वास. पण दिलेली खूण आपल्याला कळते का, ही शंका मला सत्तरी उलटल्यावर आली, आणि ती आली नातीच्या पायामुळे. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. लिहायची सवय नाही. तरी कुणाच्या घरात असंच लेकरू असेल तर उपयोगी पडेल, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव पारोळ्यापासून जवळच. पाराशेजारी मारुतीचं देऊळ आहे. शनिवारचं तेल मी तरणा असल्यापासून, एक खेप सोडली तर, चुकवलेलं नाही. नात जन्मली तेव्हा तिच्या कमरेच्या वर, बरोबर मणक्यावर, केसांचा झुपका होता. काळा, मऊ. दवाखान्यातली बाई म्हणाली, मोठ्या डॉक्टरला दाखवून घ्या. मी म्हटलं, यात दाखवायचं काय? मारुतीरायाने आपली शेपूट पाठवली आहे. बायाबापड्या येऊन पोरीच्या पाया पडून गेल्या. पुढे जावळ काढताना न्हावी डोक्यावरून पाठीकडे वळला, तर मी त्याचा हात धरला. हे केस देवाचे, यांना वस्तरा लागणार नाही, असं सगळ्यांसमोर बोलून गेलो. आणि बोललो म्हणजे बोललो, तिथून मागे यायची आमची रीत नाही.

पोर हिंडू-फिरू लागली, तशा तिच्या चपला हरवू लागल्या. दर वेळी डावीच. एका पायात चप्पल घालून घरी यायची. मी दरडावायचो, तर म्हणायची, "माले मालूम नही, आबा." मला वाटायचं, खोटं बोलते. मग शाळेत जायच्या वयातही तिचे कपडे ओले होऊ लागले. डावं पाऊल उजव्यापेक्षा बारीक दिसायला लागलं. मुलगा सुरतेला कामाला, घरात सून एकटी. ती दबकत म्हणायची, "आबा, एकदाव जळगावले दखाडी येऊत ना." मी म्हणायचो, देवाचं लेकरू आहे, देव बघेल.

एका शनिवारी पोरीला घेऊन देवळात गेलो. पायरीवर एक परका माणूस बसला होता, पन्नाशीचा, हातात काठी, दोन्ही पाय काटक्यांसारखे वाळलेले. लग्नाला आलो, दोंडाईचाकडचा, एवढं बोलला. आम्ही पुढून गेलो तसा त्याने हाक मारली. "आबा, नातनी चप्पल तठे पडेल शे. तिले मालूमबी नही."

मी म्हटलं, पोर वेंधळी आहे. तो हसला नाही. म्हणाला, "पाठवर केस शेत का तिले?"

मी तिथेच थबकलो. मग अभिमानाने सांगितलं, हो, मारुतीची शेपूट आहे.

"मलेबी व्हती," तो म्हणाला. "मना आजानी कोनले हात लावू दिन्हा नही. बठ्ठा लोके पाया पडेत. आते देखा, पायच ऱ्हायनात नही."

मला राग आला. "तुले कोनी इचारं?" असं मी त्याला देवाच्या दारात बोललो. तो काठी टेकून उठला. जाता जाता म्हणाला, "डोकानं जावळ देवले दिन्हं ना, आबा? मंग हाई घरमा कसाले ठी लिन्हं? त्यानं त्याले दी टाका."

देवाचं ते घरात का ठेवून घेतलं, देवाला देऊन टाका, असं सांगून तो गेला आणि मी पोरीला पायरीवर बसवलं. उजव्या तळव्याला गुदगुल्या केल्या, ती खळखळून हसली. डाव्या तळव्याला केल्या, तर ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हातातलं तेल तसंच राहिलं. घरी येऊन सुनेला म्हटलं, उद्या जळगावला जायचं, पिशवी भर. ती म्हणाली, "भरेलच शे, आबा." किती दिवसांपासून भरून ठेवली होती, ते मी विचारलं नाही.

जळगावच्या डॉक्टरबाईंनी पोरीला त्या मोठ्या नळीच्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. मग मला समजावलं. मणक्याच्या आत मेंदूपासून येणारा दोर असतो. हिचा जन्मापासूनच खाली चरबीत चिकटून राहिला. पोर वाढते तसा तो ताणला जातो, त्याने पाय आणि लघवीची जागा दुबळी होते. वर दिसणारे केस ही आतल्या बिघाडाची खूण. मला लगेच उमगलं. वासराच्या गळ्यात बांधलेलं दावं वेळेवर सैल केलं नाही, तर ते मांसात रुततं. मी विचारलं, दावं सोडता येईल? त्या म्हणाल्या, "ऑपरेशनने सोडवू. गेलेलं किती परत येईल, हे मी सांगू शकत नाही. पण ताण सुटला, तर पुढचं नुकसान बहुतेक थांबेल." जोखीमही त्यांनी लपवली नाही. मी हात जोडले आणि एकच मागणं केलं, पाठीवरचे केस काढाल ते मला द्या. ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरने ते गॉजमध्ये गुंडाळून दिले.

ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. बाहेर मी ती पुडी मुठीत धरून बसलो. आजवर देवासमोर मी नेहमी काहीतरी ठरवून उभा राहिलो होतो. त्या दिवशी ठरवण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. "तुझं आहे, तू बघ," एवढंच म्हणालो, आणि पहिल्यांदा ते मनापासून म्हणालो.

गावी आल्यावर ते जावळ मारुतीच्या पायाशी ठेवलं. त्या माणसाची चौकशी केली. लग्नघरी विचारलं, तर दोन्हीकडचे म्हणाले, असा पाहुणा आमचा नव्हता. मी त्यावर काही म्हणत नाही. माणूस असेल तर माझं बोलणं त्याने पोटात घालावं, त्याचं भलं होवो.

कपडे आता कोरडे राहतात. पाऊल अजून बारीक आहे, ते तसंच राहील असं डॉक्टरबाई म्हणतात. परवा शनिवारी आम्ही देवळाकडे निघालो होतो. मी माझ्या नादात पुढे. मागून हाक आली, "आबा, थांब ना! मनी डावी चप्पल निंघी गई."

मी रस्त्यातच उभा राहिलो. ती एका पायावर लंगडी घालत मागे गेली, पाय चपलेत सरकवला आणि पुढे आली. मला मात्र पाऊल उचलायला थोडा वेळ लागला. मारुतीराया, तुझे उपकार.